नक्षी आणि जात : एका कातीव वाडग्याच्या लाकडाची ओळख
(चितेगाव येथे भरलेल्या ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. शिक्षण, संघटन, विवाहातील अनिष्ट रूढी इत्यादी विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते आपणांस दरवर्षी लाभतात. त्यांच्या क्षेत्रात पाऊल न टाकता, ज्या वस्तूने आपल्या वाडवडिलांना अन्न दिले आणि नावही दिले, त्या वस्तूविषयीच बोलावे असे मी ठरविले. ती वस्तू म्हणजे लाकूड. आजचा प्रश्नही अगदी लहान आहे : सुंदर नक्षीचा एखादा कातीव वाडगा हाती आला, तर तो कोणत्या झाडाचा हे कसे ओळखावे?

प्रश्न लहान असला तरी त्याचे उत्तर सोपे नाही आणि क्षुल्लक तर नाहीच नाही. आपल्या धंद्यात 'हे लाकूड कोणत्या जातीचे?' असे विचारण्याची पद्धत आहे. एके काळी या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सुताराच्या बोटांत होते. झाड पडताना त्याने पाहिलेले असे. फांदी कोणाच्या बांधावरची, हेही त्याला ठाऊक असे. नांगर, कुळव, बैलगाडीचा तुंबा, आरे, जू, दाराची चौकट, पाळण्याचे खांब, पोळपाट, लाटणे, कुंकवाचा करंडा, पीठ मळण्याची काठवट. प्रत्येक वस्तूस वेगळे लाकूड लागे आणि ते निवडताना सहसा चूक होत नसे. आज पैठण रस्त्यावरच्या या आपल्या गावाभोवती कारखाने उभे राहिले आहेत. तरुणांच्या हाती प्लायवूड येते, यंत्रसामग्रीबरोबर आलेल्या खोक्यांच्या परदेशी पाइनच्या फळ्या येतात, वखारीतून आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या लागवडीतला साग येतो. त्यांचे कसब कमी झाले आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु उभ्या झाडाशी असलेली त्यांची ओळख तुटली आहे, आणि ती तुटली की लाकडाचे नाव व्यापारी सांगेल ते खरे मानावे लागते.

याचे उदाहरण आज येथल्याच प्रदर्शनात आहे. आपल्यापैकी एका कुटुंबाने तीन पिढ्या जपलेला एक वाडगा तेथे ठेवला आहे. त्याच्या पोटातून तांबूस-तपकिरी लाटा वर चढत जातात आणि एका बाजूस मोराच्या पिसासारख्या पसरतात. एका जाणकाराने त्यास शिसव म्हटले. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने तो रक्तचंदनाचा असल्याचे छातीठोकपणे सांगितले आणि गुपचूप विकत मागितला. घरातील शिकत्या मुलाचे म्हणणे असे की, रक्तचंदनाचा पुरातन वाडगा म्हणून तो परदेशी ग्राहकास विकावा, म्हणजे त्याच्या शिक्षणाचा बराच भार हलका होईल. घरातील वडील मंडळी मात्र साशंक होती. त्यांनी मला विचारले, 'नाव खरे असेल तरच विकू; खरे नाव काय ते सांगा.' ह्या प्रामाणिक प्रश्नाचे उत्तर शोधताना जे पाहिले, ते आपणांसमोर क्रमाने मांडतो.

सर्वप्रथम नक्षीचा मोह बाजूस ठेवावा लागतो. नक्षी पाहून नाव सांगणारे बहुतेक वेळा फसतात. जेथे खोडास फांदी फुटते त्या बेचक्यात तंतू एकमेकांत दाबले जातात, आणि तेथील लाकूड कापले असता पिसाऱ्यासारखी आकृती निघते. काही झाडांत तंतू लाटेसारखे वाढतात. तशा लाकडावर प्रकाश पडला की आडव्या पट्ट्या हलल्यासारख्या भासतात. युरोपात व्हायोलिनच्या पाठीसाठी वापरल्या जाणाऱ्या मॅपल लाकडाची कीर्ती ह्याच लाटांमुळे आहे. काही झाडांचे तंतू काही वर्षे उजवीकडे आणि नंतर काही वर्षे डावीकडे पिळत जातात. त्यांच्या फळीवर उजळ-गडद पट्टे उमटतात. खोडावर इजेमुळे किंवा दबलेल्या कोंबांमुळे मोठी गाठ आली, तर तिच्या पोटात असंख्य 'डोळे' सापडतात. आंब्याचे लाकूड ओलसर जागी पडून राहिले तर बुरशीमुळे त्यात काळ्या रेघा व करड्या छटा येतात आणि अनभिज्ञ मनुष्य त्यास मोलाचे लाकूड समजतो.

ह्यांपैकी कोणतीही आकृती एकाच जातीच्या झाडाची मिरास नाही. लाट सागात सापडेल, आंब्यात सापडेल, ऐनातही सापडेल. बेचक्याची पिसे बाभळीत निघतील तशीच चिंचेत निघतील. शिवाय वाडगा कातताना हत्यार वक्र मार्गाने जाते आणि वाढीच्या थरांना तिरपे छेदते. त्यामुळे साध्या लाकडातही वर्तुळे आणि लंबवर्तुळे उमटतात. ती करामत कातारी मनुष्याच्या हाताची असते. म्हणून मी असे म्हणेन की, नक्षी ही त्या एका झाडाच्या आयुष्याची कहाणी आहे : त्याने वारा कसा सोसला, फांदीचा भार कोठे वाहिला, घाव कोठे भरून काढला. त्या कहाणीवरून त्याचे कूळ कळत नाही.

दुसरा मोह रंगाचा. रंग साक्ष देतो, पण ती साक्ष तपासून घ्यावी लागते. ताजी बाभूळ गुलाबी दिसते आणि काही वर्षांत गडद तपकिरी होते. धूर, तेल, हळद आणि हातांचा घाम ह्यांनी पन्नास वर्षांत कोणतेही लाकूड काळवंडते. कोकणात सावंतवाडीची कातीव व रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तेथे फिरत्या वस्तूवर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि तिचा थर चढतो. आत पांगाऱ्यासारखे हलके, फिकट लाकूड असते. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांतही लाखेखाली आपल्याकडे काळा कुडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाचे पांढरे लाकूड असते. अशा वस्तूचा रंग पाहून आतले लाकूड सांगणे म्हणजे अंगरखा पाहून मनुष्याचे नाव सांगण्यासारखे आहे.

मग विश्वास कशावर ठेवावा? लाकडाच्या आडव्या छेदावर. खोड करवतीने आडवे कापले असता जे तोंड दिसते, तेथे झाडाची अंतर्रचना उघडी पडते. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे तेथे बारीक छिद्रांच्या रूपाने दिसतात; त्यांच्याभोवती फिकट पेशींचे वेष्टन असते; गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरणरेषा असतात. ह्यांची मांडणी त्या त्या झाडाच्या कुळात ठरलेली असते आणि ती वाऱ्यापावसाने मुळातून बदलत नाही.

वाडग्यात हा छेद कोठे शोधावा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बहुतेक वाडगे अशा तुकड्यातून कातलेले असतात की रेषा बुडाला समांतर जातात. तेव्हा त्यांच्या भिंतीवर समोरासमोर दोन ठिकाणी आडवा छेद उघडा पडतो आणि उरलेल्या दोन ठिकाणी उभी रेष दिसते. पाण्याचा थेंब लावला की आडव्या छेदाची जागा चटकन गडद होते, कारण तेथील नळ्या पाणी शोषतात. त्या बाजूस, शक्यतो बैठकीच्या कडेवर, जेथे सहसा दृष्टी जात नाही तेथे, दाढीच्या नव्या पात्याने नखाच्या टोकाएवढी जागा स्वच्छ तासावी. घासकागद वापरू नये. त्याची भुकटी छिद्रांत बसते आणि सर्व काही पुसट होते. मग घड्याळजी वापरतात तसे दहापट मोठे दाखविणारे भिंग डोळ्याशी धरावे आणि वस्तू उजेडात त्याच्याजवळ आणावी.

आता काय पाहावे? प्रत्येक वर्षाच्या वाढीच्या प्रारंभी मोठ्या छिद्रांची स्पष्ट रांग दिसली, तर आपला शोध फार आटोपशीर होतो, कारण अशी रांग असणारी झाडे आपल्याकडे थोडी आहेत. साग, तुती, बकाण निंब आणि तुणी ही त्यांतील मुख्य होत. त्यातून स्पर्श तेलकट आणि ताज्या किसाचा वास कमावलेल्या कातड्यासारखा असला, तर सागाविषयी फारशी शंका उरत नाही. छिद्रे सर्वत्र सारखी विखुरलेली असली, तर त्यांच्याभोवतीचे वेष्टन पाहावे. शिसवीत छिद्रे विरळ असतात आणि त्यांच्यामधून फिकट, नागमोडी, बारीक रेघा आडव्या धावतात. शिवाय तिच्या उभ्या पृष्ठावर भिंगाखाली अत्यंत सूक्ष्म, एकाखाली एक अशा आडव्या ओळी दिसतात. बाभळीत प्रत्येक छिद्राभोवती फिकट पेशींचे कडे असते, पण तशा सलग नागमोडी रेघा नसतात आणि त्या सूक्ष्म ओळीही नसतात. हेदाच्या पिवळ्या लाकडात छिद्रे इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

भिंगानंतर तराजू. लाकडाच्या वजनास त्याच्या आकारमानाने भागले की त्याची घनता मिळते. जुना वाडगा पाण्यात बुडविणे धोक्याचे, म्हणून आपल्या भगिनींच्या स्वयंपाकघरातील मोहरीचे साहाय्य घ्यावे. डबा मोहरीने काठोकाठ भरावा. मग ती मोहरी बाजूस काढून डब्यात वाडगा ठेवावा आणि त्याच्या आतबाहेर पुन्हा तीच मोहरी काठोकाठ भरावी. जितकी मोहरी उरेल तितके वाडग्याच्या लाकडाचे आकारमान. ती मापाच्या भांड्यात मोजावी. सुकलेला पांगारा पाण्याच्या निम्म्याहूनही बराच हलका, साग सुमारे ०.६५, बाभूळ आणि शिसव ०.८ च्या आसपास, खैर जवळजवळ पाण्याइतका, तर रक्तचंदनाचा गाभा बहुधा पाण्याहून जड असून पाण्यात बुडतो.

आपल्या प्रदर्शनातील वाडग्याचे वजन ६२० ग्रॅम भरले. उरलेली मोहरी ७८० मिलिलिटर झाली. भागाकार ०.७९ आला. येथेच रक्तचंदनाचा दावा डळमळीत झाला. रक्तचंदनाची आणखी एक परीक्षा आहे : त्याचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, परंतु स्पिरिटमध्ये सहज उतरतो. बैठकीजवळच्या कपटाभर किसाने स्पिरिटला तो लाल रंग दिला नाही. रक्तचंदनाचे नैसर्गिक वास्तव्य आंध्र प्रदेशाच्या दक्षिणेकडील पूर्व घाटाच्या डोंगरांत आहे. मराठवाड्यातल्या एका खेड्यात तीन पिढ्यांपूर्वी त्याचा वाडगा कातला जाणे अशक्य नसले, तरी संभवनीय नव्हते.

उरली शिसव आणि बाभूळ. वजनाने ह्या दोघींतील वाद मिटत नाही, तो भिंगानेच मिटवावा लागतो. भिंगाखाली नागमोडी रेघा दिसल्या नाहीत. प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडे मात्र स्वच्छ दिसले, आणि उभ्या पृष्ठावर त्या सूक्ष्म ओळींचा मागमूस नव्हता. बंधुभगिनींनो, माझ्या मते तो वाडगा बाभळीचा आहे. जिचे तुंबे आपल्या आजोबांनी तासले, जिच्या काट्यांनी आपली पावले रक्तबंबाळ केली, त्या बांधावरच्या बाभळीच्या बेचक्यातून तो निघाला आहे. कोणा कातारी पूर्वजाने गाडीचे तुंबे कातता कातता तो बेचका जळणात न टाकता राखून ठेवला असावा. ती पिसाऱ्यासारखी नक्षी त्याच्या दृष्टीची साक्ष आहे.

भिंगाने दिलेले हे मत व्यवहारास पुरेसे आहे. परंतु जेथे कायद्याचा किंवा मोठ्या रकमेचा प्रश्न असेल, तेथे शास्त्रीय संस्थेचा दाखला घ्यावा. ब्रिटिश वनाधिकारी गॅम्बल ह्यांनी भारतीय लाकडांवरील आपला ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध केला. डेहराडून येथे १९०६ साली वनसंशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९३२ साली पिअरसन व ब्राउन ह्यांचा व्यापारी लाकडांवरील द्विखंडात्मक ग्रंथ निघाला. डेहराडूनच्या ह्या संस्थेत हजारो लाकडांचे नमुने जतन केलेले असून लहानसा तुकडा पाठविल्यास तेथे त्याची ओळख करून देतात. बंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेतही तशी सोय आहे.

ह्या काटेकोरपणाची आवश्यकता पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. दुर्मिळ होत चाललेल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइटीस' नावाच्या कराराचे नियंत्रण आहे. रक्तचंदन १९९५ पासून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. शिसव ज्या वंशातली ('जीनस'), त्या वंशातील जवळजवळ सर्व झाडे २ जानेवारी २०१७ पासून त्यात आली. २०२२ साली पनामा येथे भरलेल्या परिषदेत शिसू लाकडाच्या वस्तूंविषयी भारतीय कारागिरांस दिलासा मिळाला : प्रत्येक नग दहा किलोच्या आत असल्यास अशा वस्तूंना त्या कराराच्या परवान्याची गरज नाही असे ठरले. म्हणजे शिसव कोणती आणि शिसू कोणते हे ओळखणे हा आता निव्वळ पांडित्याचा विषय उरला नाही. बाभळीच्या वाडग्यावर 'रक्तचंदन' अशी चिठ्ठी लावून तो परदेशी धाडला असता, तर ग्राहकाची फसवणूक झाली असती, आणि बंदरावर अडविला गेला असता तर निष्पाप कुटुंबास तपासाला तोंड द्यावे लागले असते.

प्रकृतीचाही प्रश्न आहे. कारखान्यातून आलेल्या खोक्यांच्या फळ्यांवर जळका शिक्का असतो. त्यात 'एचटी' अशी अक्षरे असल्यास ते लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेले असते. 'एमबी' असल्यास त्यावर मिथिल ब्रोमाइड ह्या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. तशा फळीचा वाडगा किंवा पोळपाट कोणीही करू नये. शिक्का नसलेल्या, तेलरसायनांचे डाग पडलेल्या फळीचेही तेच. उलट बिबळ्याच्या पेल्यात पाणी ठेवून मधुमेहावर पिण्याची चाल आपल्याकडे आहे, म्हणून जत्रेत कोणत्याही तांबड्या लाकडाचे पेले बिबळ्याच्या नावाने खपविता येतात. खऱ्या बिबळ्याच्या किसाचे पाणी काचेच्या पेल्यात उन्हात, काळ्या पार्श्वभूमीवर धरले असता त्यात निळसर झाक दिसते. ही परीक्षा लाकडाची आहे, औषधाची नव्हे. वैद्य-डॉक्टरांचा उपचार त्यासाठी सोडू नये, हे येथे आवर्जून सांगतो.

आपल्याच जिल्ह्यात वेरूळ येथे दहावे लेणे आहे. विश्वकर्म्याचे लेणे, 'सुताराची झोपडी', अशा नावांनी लोक त्यास ओळखतात. सातव्या शतकातील त्या शिल्पकारांनी पाषाणाच्या कमानदार छतात तुळयांसारख्या फासळ्या कोरल्या. जुन्या लाकडी बांधणीची ती आठवण होय. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खऱ्याखुऱ्या लाकडी फासळ्या आजही छतास आहेत. लाकूड इतके टिकू शकते. टिकत नाही ती त्याच्याविषयीची माहिती, कारण ती आपण कोठे लिहून ठेवीत नाही.

यास्तव दोन सूचना करून माझे भाषण आवरते घेतो. पहिली अशी की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील जुन्या लाकडी वस्तूविषयी, ती पाळणा असो, करंडा असो वा काठवट, एक कागद लिहून ठेवावा : लाकूड कोणते, झाड कोणाच्या शेतातले, घडविले कोणी, कोणत्या साली. हे सांगणारे वृद्ध आज आपल्यात आहेत तोवरच हे काम होईल. दुसरी सूचना तरुणांस आहे. गावाच्या परिसरात उभी असलेली पंधरावीस झाडे, म्हणजे बाभूळ, कडुनिंब, आंबा, चिंच, बोर, जांभूळ, शिसू इत्यादी, निवडावीत. वाळलेल्या किंवा छाटलेल्या फांदीचा वीतभर तुकडा घ्यावा, एक तोंड स्वच्छ तासावे, त्यावर नाव, गाव व तारीख घालावी, आणि ह्या नमुन्यांची एक पेटी ज्ञातीच्या कार्यालयात ठेवावी. पेटीजवळ एक भिंग असावे. ज्याचे नाव निश्चित ठाऊक आहे असा तुकडा हाती असला, म्हणजे अनोळखी तुकडा ओळखता येतो. ह्या शास्त्राचा सारा आधार एवढाच आहे.

राहता राहिला वाडग्याचा निर्णय. त्या कुटुंबाने तो न विकण्याचे ठरविले आहे, आणि मुलाच्या शुल्कासाठी ज्ञातीच्या शिक्षणनिधीकडे अर्ज केला आहे. त्या अर्जाचा विचार चालक सहानुभूतीने करतील अशी मी ह्या व्यासपीठावरून विनंती करतो. प्रदर्शनातील चिठ्ठीवर आता 'बाभूळ' असे लिहिले आहे. ती चिठ्ठी वाचून कोणी नाक मुरडू नये. वाडगा हाती घेऊन उजेडात फिरवून पाहावा.